वेगळेपण लादूं नका, एकपणहि लादूं नका

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज बाजाराचा दिवस. कोणाचा माल विकला गेला, कोणाचा तसाच परत घरीं निघाला. तरी आपण दोन घटका येथें बसलां, याबद्दल मी आपला आभारी आहें.

आजच्या विषयाचें नांव मोठें आहे : संस्कृतीचें स्वातंत्र्य, आणि अनेक जाति, धर्म व भाषा असलेल्या देशांत लोकशाहीचा कारभार. नांव ऐकून तुम्हांस वाटेल कीं हा विद्वानांचा विषय, आपला नव्हे. पण थोडा विचार करा. लग्नाला कोणाला बोलवावें, मुलाला कोणत्या भाषेंत शिकवावें, देवापुढें डोकें ठेवावें कीं ठेवूं नये, मुलीनें कोणाशीं संसार मांडावा, या गोष्टी ज्याच्या त्याला ठरवतां येणें म्हणजेच संस्कृतीचें स्वातंत्र्य. आतां सांगा, हा विषय कोणाच्या घरचा नाहीं ?

आपल्याकडे एक बोलणें नेहमीं ऐकूं येतें. "आमच्या देशांत हजारों वर्षें नाना जातींचे, नाना पंथांचे लोक एकत्र नांदले, तेव्हां विविधता कशी सांभाळावी हें आम्हांला कोणी शिकवावयास नको." हें बोलणें ऐकावयास गोड आहे. पण जुना गांवगाडा डोळ्यांपुढें आणा. कुंभारांची आळी वेगळी, तेल्यांची वेगळी, चांभारांची गांवाच्या कडेला, महारवाडा व मांगवाडा वेशीबाहेर. पाणवठा वेगळा, मसणवट वेगळी, जेवणाची पंगत वेगळी. सुताराच्या पोरानें वाकस धरावा, न्हाव्याच्या पोरानें धोपटी उचलावी, हें तें पोर जन्मण्याच्या आधींच ठरलेलें. विविधता होती, आणि तिचा बंदोबस्तहि चोख होता. नव्हतें तें स्वातंत्र्य. ज्याला दुसऱ्यानें वेशीबाहेर बसविलें त्याचें वेगळेपण ही त्याची संस्कृति नव्हे. ती त्याला झालेली शिक्षा आहे. म्हणून नुसतें "आमच्याकडे विविधता आहे" एवढें सांगून भागत नाहीं. त्या विविधतेंत माणसाला आपली जागा स्वतः निवडतां येते काय, हें विचारलें पाहिजे.

महाडच्या चवदार तळ्याचें उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावे, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं केला. महाडच्या म्युनिसिपालिटीनें तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर तळें खुलें झालें, पण पाण्याला हात लावण्याची कोणाची छाति होईना. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकसमुदाय घेऊन तळ्यावर गेले व तें पाणी प्याले. मग विरोधक कोर्टांत गेले. त्यांचें म्हणणें काय, तर तळें आमचें आहे आणि अस्पृश्यांनीं तेथें पाणी भरूं नये अशी अनादि काळापासूनची रूढि आहे. त्याच तळ्यावर परधर्मी माणसाला मज्जाव नव्हता, गुरांढोरांनाहि नव्हता. दहा वर्षें वाद चालला, आणि १९३७ सालीं मुंबई हायकोर्टानें सांगितलें कीं अशी अनादि रूढि शाबीत झालेली नाहीं.

ध्यानांत घ्या, पाणी अडविणाऱ्यांनीं "आम्ही जुलूम करतों" असें म्हटलें नाहीं. ते "रूढि" म्हणाले. आज असते तर "आमची संस्कृति" म्हणाले असते. म्हणून कोणीहि संस्कृतीचें नांव घेऊन उभा राहिला कीं त्याला पहिला प्रश्न करावा : बाबा रे, तूं आपल्यापुरतें मागतोस, कीं दुसऱ्याच्या घागरीवर हक्क सांगतोस ?

याच मुलुखांतील दुसरी गोष्ट. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापला, आणि भटजीवांचून लग्नें लागूं लागलीं. जुन्नर तालुक्यांत ओतूर गांवीं पाटलाच्या घरीं असें लग्न झालें, तेव्हां गांवच्या जोश्यांनीं आपल्या वतनी हक्काचा दावा लावला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलें व निकाल पाटलाच्या बाजूनें लागला. तरीहि वतनी जोश्यांचा वाद पुरा मिटला नाहीं. अखेर १९२६ सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला, कीं यजमानानें न बोलावलेल्या उपाध्यायाला दक्षिणेवर हक्क सांगतां येणार नाहीं. या कायद्यानें भटजी बोलावण्यास बंदी केली नाहीं. ज्याला हवा त्यानें बोलवावा, ज्याला नको त्यानें बोलावूं नये, आणि दोघांपैकीं कोणाच्याहि दारांत जप्ती येऊं नये. मला वाटतें, संस्कृतीच्या स्वातंत्र्याचा याहून सोपा अर्थ सांगतां येणार नाहीं.

ही झाली लादलेल्या वेगळेपणाची गोष्ट. आतां दुसरा रोग पाहूं. तो म्हणजे लादलेलें एकपण.

१९४७ सालीं पाकिस्तान झालें. धर्म एक, तर भाषाहि एकच असावी, असें राज्यकर्त्यांना वाटलें. निम्म्याहून अधिक प्रजा बंगाली बोलणारी. तरी १९४८ सालीं जीना यांनीं ढाक्यास जाऊन सांगितलें कीं राज्याची भाषा उर्दूच होईल. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं ढाक्यांत बंगालीसाठीं निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पोरें मेलीं. १९५६ सालीं बंगालीला मान्यता मिळाली, पण तुटलेलीं मनें जुळलीं नाहींत. भाषेच्या जखमेंत सत्तेचा व पोटाचा अन्याय मिसळला, आणि १९७१ सालीं एका देशाचे दोन देश झाले. आज २१ फेब्रुवारी हा दिवस जगभर मातृभाषेचा दिवस म्हणून पाळतात, तो त्या पोरांच्या रक्तामुळें.

पण यापुढची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. भाषेसाठीं ज्यांनीं एवढें सोसलें, त्या बांगला देशानें १९७२ सालीं आपली घटना केली, आणि तींत सर्व नागरिकांना "बंगाली" म्हटलें. चितगांवच्या डोंगरांत चाकमा व इतर लोक राहतात. त्यांची भाषा निराळी, चालीरीति निराळ्या. त्यांचे प्रतिनिधि मानवेंद्र नारायण लारमा यांनीं घटनासभेंत हरकत घेतली, कीं मी बांगला देशाचा नागरिक आहें, पण बंगाली नाहीं. त्यांचें ऐकलें गेलें नाहीं. पुढें त्या डोंगरांत वर्षानुवर्षें बंदुका चालल्या, आणि १९९७ सालीं कोठें तह झाला. काल ज्याच्या पाठीवर काठी बसली, त्यानेंच आज ती काठी उचलली. बंधूंनो, जुलूम सोसला म्हणजे माणूस आपोआप न्यायी होतो असें समजूं नका. आपणहि सोसलेलीं माणसें आहों, म्हणून हें मी मुद्दाम सांगतों.

लंकेंतहि हेंच. १९५६ सालीं एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला. सरकारी नोकरी, कोर्टकचेरी, अर्जफाटे, सगळीकडे तामीळ माणूस आपल्याच देशांत परका झाला. दंगे झाले; १९८३ पासून यादवी पेटली, ती २००९ सालीं थांबली. तामीळ भाषेला राजभाषेचा मान १९८७ सालीं दिला, पण तोंपर्यंत बंदुका बाहेर पडल्या होत्या. जें काम ३१ वर्षांपूर्वीं एका सहीनें झालें असतें, तें हजारों मुडदे पडल्यावरहि नीट झालें नाहीं.

आपल्या देशानेंहि चुका केल्या, पण पुष्कळदां वेळेवर पाऊल मागें घेतलें. आंध्र राज्यासाठीं उपोषण करून पोट्टी श्रीरामुलु १९५२ सालीं मेले, तेव्हां सरकारला जाग आली. १९५६ सालीं बहुतेक राज्यें भाषावार झालीं. महाराष्ट्राला आणखी चार वर्षें झगडावें लागलें, १०६ हुतात्मे द्यावे लागले, आणि १ मे १९६० रोजीं आपलें राज्य झालें. भाषावार राज्यें दिलीं तर देश फुटेल, अशी मोठमोठ्या पुढाऱ्यांना भीति होती. देश फुटला नाहीं. उलट माणसाला आपल्या भाषेंत कचेरीची पायरी चढतां आली, म्हणून तो देशाला अधिक आपला मानूं लागला. १९६५ सालीं हिंदी एकटीच राजभाषा होण्याची वेळ आली, तेव्हां मद्रासेकडे आग पेटली. १९६७ सालीं कायदा दुरुस्त झाला, कीं हिंदी न बोलणारीं राज्यें स्वतः संमति देईपर्यंत इंग्रजीचा वापर चालूं राहील. कोणाचा जय झाला नाहीं, कोणाचा पराजयहि झाला नाहीं. पण लंकेंत जें झालें तें येथें टळलें.

कोणी विचारील, दोन्ही बाजू हट्टाला पेटल्या तर काय करावें ? स्वित्झर्लंड नांवाचा एक लहान देश आहे. तेथें चार भाषा आहेत आणि प्रांताला कँटन म्हणतात. बर्न या जर्मन बहुसंख्येच्या प्रांतांत जुरा नांवाचा फ्रेंच बोलणारा मुलूख होता. १८१५ सालीं राजेरजवाड्यांनीं तो न विचारतां बर्नला जोडला होता. वेगळा प्रांत हवा म्हणून भांडण फार वाढलें. मग १९७४ पासून मतें घेतलीं, तीं एकदांच नव्हेत, टप्प्याटप्प्यानें : आधीं सर्व मुलखाचीं, मग तालुक्यांचीं, मग शिवेवरच्या एकेका गांवाचीं. ज्यांना बर्नमध्यें राहावयाचें ते राहिले, बाकीच्यांचा नवा प्रांत १९७९ सालीं झाला. शिवेवरच्या मूत्ये गांवानें तर २०२१ सालीं पुन्हा मत देऊन जुराकडे जाण्याचें ठरविलें. भांडण लांबलें, थोडी जाळपोळहि झाली, पण शेवटीं गांवाला विचारून शीव ठरली. आपल्याकडे "खेडें हा घटक धरा" असें सीमाभागांतील लोक म्हणत आले, तें याहून निराळें काय होतें ?

येथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आतां जें बोलणार आहें तें कदाचित् गोड लागणार नाहीं.

२०२५ सालीं आपल्या राज्यांत पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हां महाराष्ट्रभर गवगवा झाला, आणि जूनअखेर सरकारला तो मागें घ्यावा लागला. सहा वर्षांच्या लेंकरावर परकी भाषा लादूं नये, असें आपण म्हणालों. बरोबर म्हणालों. मग सातपुड्यांतील भिलाचें पोर, मेळघाटांतील कोरकूचें पोर, गडचिरोलीकडील गोंडाचें पोर पहिल्या दिवशीं शाळेंत जातें, तेव्हां त्याच्या कानावर काय पडतें ? मराठी. ती आपल्याला आईचें दूध. त्याला ती परकीच. मास्तर म्हणतो, पोरगें मठ्ठ आहे. पोरगें मठ्ठ नाहीं. त्याला कोणी त्याच्या बोलींत हांक मारलेली नाहीं. २०११ च्या शिरगणतींत देशांत भिली बोलणारे १ कोटीहून अधिक निघाले, आणि संस्कृत ही मातृभाषा सांगणारे २५ हजारांहूनहि कमी. घटनेच्या आठव्या परिशिष्टांत २२ भाषा आहेत. त्यांत संस्कृत आहे. भिली नाहीं, गोंडी नाहीं. कोणाची संस्कृति "संस्कृति" म्हणून मोजली जाते आणि कोणाची "बोली" म्हणून सोडून दिली जाते, हें यावरून ओळखावें.

अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेंत मिळण्याची सोय राज्यानें करावी, असें घटनेंत १९५६ सालींच लिहिलें आहे. बेळगांवच्या मराठी मुलासाठीं आपण त्या कलमाकडे बोट दाखवितों. जत व अक्कलकोटच्या कानडी मुलासाठींहि तेंच कलम आहे, आणि नंदुरबारच्या भिली मुलासाठींहि. आपण जेथें थोडे आहों तेथें जें मागतों, तें आपण जेथें पुष्कळ आहों तेथें दिलें पाहिजे. न्यायाचें माप देण्याचें एक व घेण्याचें एक असें असत नाहीं. बाजारांत असें दुहेरी माप वापरणाऱ्याला आपण काय म्हणतों, तें येथें सांगावयास नको.

आतां शेवटची आणि सर्वांत जवळची गोष्ट. सरकार बाहेरून लादतें, मोठी जमात लहान जमातीवर लादते. पण आपल्याच घरांत, आपल्याच जातींत कोण लादतें?

मी कारागिराच्या घरचा. मी तरणा असतांना आमच्या भावकींतील एका मुलानें जातीबाहेर लग्न केलें. पंच बसले. घर वाळींत टाकलें. विस्तव द्यावयाचा नाहीं, हळदीकुंकू नाहीं, लग्नकार्याला बोलावणें नाहीं. वर्षाच्या आंत त्या मुलाचा बाप वारला. मी उंबऱ्यापर्यंत गेलों, तेव्हां आईनें हात धरला. म्हणाली, "बाबा, जाऊं नको, तुझ्या बहिणीचें लग्न ठरायचें आहे." आणि मी गेलों नाहीं. दुसऱ्या आळींतल्या चार माणसांनीं खांदा दिला, त्यांत दोघे मुसलमान होते. माझी आई दुष्ट नव्हती. वाळीत अशीच चालते. ती पंचांच्या जोरावर चालत नाहीं, आपल्या बहिणींच्या लग्नाच्या काळजीवर चालते. पुढें बहिणीचें लग्न झालें. पण त्या तिरडीला मीं खांदा दिला नाहीं, हें मला आजपर्यंत विसरतां आलेलें नाहीं.

असें करणें जमातीचा हक्क आहे काय ? हा प्रश्न आपल्या प्रांतांत जुना आहे. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा जमातीच्या धर्मगुरूंनीं त्यावर दाद मागितली, आणि १९६२ सालीं सुप्रीम कोर्टानें बहुमतानें तो कायदा रद्द केला. जमातीचा धर्म सांभाळण्यासाठीं बहिष्काराचा अधिकार धर्मगुरूला असतो, असें बहुमताचें म्हणणें. सरन्यायाधीश सिन्हा यांचें मत मात्र उलट होतें. जमातीला आपला धर्म पाळतां यावा हें मीहि मानतों. तिच्या देवळांत, मशिदींत सरकारनें पाय घालूं नये. पण जमात म्हणजे कोण ? नुसते पंच व धर्मगुरु काय ? तींतली विधवा, तींतली लिहूं-वाचूं लागलेली मुलगी, तींतला प्रश्न विचारणारा पोरगा, हे जमात नव्हेत काय ? जमातीचें स्वातंत्र्य जर त्यांच्या मानेवर उभें असेल, तर आपण फक्त धनी बदलला, स्वातंत्र्य आलें नाहीं.

महाराष्ट्रानें २०१६ सालीं सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, आणि तो २०१७ पासून लागू आहे. वाळींत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे करतां येते, थेट मॅजिस्ट्रेटकडेहि करतां येते. हें घरीं जाऊन बायामाणसांना सांगा. कारण वाळीत पहिल्यांदा त्यांच्याच चुलीवर येते.

कोणी म्हणेल, असें ज्याला त्याला मोकळें सोडलें तर आपली संस्कृति बुडेल. त्याला पंढरपूर दाखवा. विठोबाच्या देवळांत अस्पृश्यांना आंत घेतलें तर धर्म बुडेल, असें म्हणणारे थोडे नव्हते. १९४७ सालीं साने गुरुजींनीं उपोषण केलें आणि दरवाजा उघडला. वंशपरंपरेच्या बडवे-उत्पातांचे हक्क २०१४ सालीं सुप्रीम कोर्टाच्या निकालानें संपले, आणि त्याच सालीं इतर जातींच्या पुजाऱ्यांची, बायांचीहि नेमणूक झाली. मग वारी थांबली काय ? टाळ कमी वाजले काय ? विठोबा विटेवर होता तेथेंच आहे. जी रूढि चार माणसें आंत आल्यानें मोडते ती कोणाची तरी मिरास असते, संस्कृति नसते.

बंधुभगिनींनो, मी तीन गोष्टी मागून खालीं बसतों. पहिली, घरांत मुलामुलीनें वेगळी वाट धरली तर भांडा, समजवा, रुसा. पण दार बंद करूं नका. दुसरी, कोणाला वाळींत टाकण्याची बैठक असेल तर तिला जाऊं नका, आणि वाळींत टाकलेल्याच्या दारीं मात्र पहिले जा. तिसरी, तुमच्या शाळेंत दुसऱ्या भाषेचीं, दुसऱ्या मुलखाचीं, ऊसतोड्यांचीं, डोंगरांतलीं लेंकरें असतील, तर शाळेच्या समितींत बसून विचारा कीं या लेंकराला कोणी त्याच्या बोलींत "ये, बस" म्हणतें काय.

माझ्याकडून एकदां चूक झाली, तुमच्याकडून होऊं नये, एवढ्यासाठीं हें बोललों.